नाला आला की काचा लावायच्या

थंडी आली हे आम्हाला खांदेश्वरात वासावरून कळतं. कॅलेंडरवरून नाही, स्वेटरवरून तर अजिबातच नाही, कारण स्वेटर घालण्याइतकी थंडी इथे कुणी पाहिलेली नाही. पहाटे गॅलरीचं दार उघडलं की नाकाला एक आंबूस, कडवट वास लागतो. थोडा नासलेल्या कोबीचा, थोडा नेलपॉलिशचा. मग समजायचं, आला हिवाळा. एरवी कारखान्यांचा हा वास वाऱ्यावर कुठेतरी निघून जातो. थंडीत पहाटेची हवा जड होते आणि खाली बसते, आणि तिच्याबरोबर वासही मुक्कामाला येतो. माणगावहून माझी बहीण फोनवर सांगते, वालाच्या शेंगा आल्यात, शेतात मडक्यात शेंगा भरून पोपटी लावलीय, ये दोन दिवस. मी म्हणते, आमच्याकडेही आलाय, वास. ती हसते. तिला वाटतं मी गंमत करते.

परवा तो वास आला आणि त्याच सकाळी बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरची मुलगी खोकली. आता आमच्या मार्गावर नव्या एसी गाड्या आल्यात. गारेगार, चकाचक, आणि काचा कायमच्या बंद. उघडायला कडीच नाही. मुलगी खोकत होती, सगळे मोबाईलमध्ये होते, आणि एकटी मी पाठ ताठ करून, श्वास अर्धा घेऊन बसले होते. हात आपोआप उजवीकडे काचेवर गेला. सरकवायला काही नव्हतंच तिथे. शेजारचा तरुण म्हणाला, "आंटी, काही शोधताय का?" मी म्हटलं, "नाही रे, काही नाही." आता त्याला काय सांगणार? तो तेव्हा शाळेत असेल.

करोनाच्या त्या हिवाळ्यात लस अजून यायची होती. लोकल आमच्यासारख्यांना बंद होती, म्हणून सगळी नवी मुंबई बसमध्ये शिरली होती. सीटांवर एक सोडून एक अशा फुल्या मारल्या होत्या. पहिला आठवडा लोकांनी त्या पाळल्या. पुढे त्या फुल्यांवर बसून बसून त्यांचा रंगही गेला. मी दिघ्याजवळच्या एका औषध कंपनीत स्टोअरला आहे. औषधं बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे आमची कंपनी एक दिवस बंद नव्हती. टाळ्या-थाळ्या वाजवल्या गेल्या तेव्हा माझ्या सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "तुमचं बाई कौतुक." आणि त्याच बायका दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला बघून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही नंतर येतो."

मला त्यांचा राग नाही आला. मीच माझ्या घरात तशी वागत होते. ह्यांची किडनी बदललेली. माझ्या नणंदेनं दिली, हसत हसत दिली, भाऊबीजेला ह्यांना म्हणाली, आता ओवाळणीही तशीच मोठी दे मला. पण दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही. तिला परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकदच दाबून ठेवायची. म्हणजे दारातलं कुत्रं आपणच बांधून ठेवायचं आणि मग चोराची वाट बघायची. डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले, "ते घराबाहेर पडणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण तुम्ही पडणार. त्यांना काही झालं तर ते तुमच्याकडूनच होईल." नोकरी सोडा असं ते म्हणाले नाहीत. त्या गोळ्या माझ्याच नोकरीवर चालतात, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणाले, "खिडकीची सीट धरा. काच पूर्ण उघडी ठेवा. बसमध्ये बोलू नका, खाऊ नका. बंद गाडीत एकाचा श्वास सगळ्यांचा होतो."

घरी आले की दारातच बादलीत कपडे, थेट आंघोळ, मग माझं ताट गॅलरीत आणि ह्यांचं आतल्या खोलीत. मधे बंद दार. आम्ही दाराआडून बोलायचो. "भाजी कशी झालीय?" "मीठ कमी आहे." "घ्या वरून." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मीठ कमी आहे हे ऐकून बरं वाटावं असे दिवस तेव्हाच आले.

तर खिडकी. आमच्या बसचा एक जुना रिवाज होता. कारखान्यांच्या पट्ट्यात एक नाला लागतो. त्यावरच्या पुलावर थंडीच्या सकाळी असा काही वास असतो की डोळ्यांतून पाणी येतं. पुढे बराच वेळ तो साथ सोडत नाही. आमचे कंडक्टर शिंदे, मूळचे सांगलीकडचे, आवाज खणखणीत. पुलाआधीच्या सिग्नलला गाडी आली की ते ओरडायचे, "नाला आला, काचा लावा!" आणि झोपलेले, पेंगलेले, मोबाईल बघणारे, सगळ्यांचे हात एकदम वर जायचे. सगळ्या काचा एका दमात खाडकन लागायच्या. नवखा माणूस असला तर दचकायचा. आम्हाला त्याची ऐट होती. कुठल्या गावाला काय, कुठल्या गावाला काय. आम्हाला हे.

माझी काच मात्र शिंदेंच्या हाकेआधीच लागलेली असायची. कारण शेजारी सुलभा असायची. सुलभा आमच्याच कंपनीत पॅकिंगला. माहेर घणसोली गावातलं, सासर आमच्या खांदेश्वरच्या शेजारच्या गावात. स्टॉप एकच, त्यामुळे किती वर्षं आम्ही एका सीटवर बसलो असू. तिला लहानपणापासून दमा. नाल्याचा वास एकदा आत गेला की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. मग पर्समधून पंप काढायचा, दोनदा तोंडात दाबायचा, आणि पुढे दिवसभर जिना दिसला की थांबायचं. म्हणून मीच आधी काच लावून टाकायचे. ती म्हणायची, "ताय, तुमाला बरा म्हाईत असते कदी लावायची." मी म्हणायचे, तुझ्या आधी तुझी शिट्टी मला ऐकू येते गं.

त्या वर्षी थंडी पडली, वास आला, आणि सिग्नलला शिंदेंनी सवयीनं हाक मारली, "नाला आला, काचा लावा!" सगळ्यांचे हात वर गेले आणि तिथेच थांबले. मी विसरणार नाही ते. सगळे हात काचेवर, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत, म्हणजे मास्ककडे. काच लावावी तर रोग. उघडी ठेवावी तर हा वास. शिंदेंनाही आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं. ते म्हणाले, "म्हणजे, वरून ऑर्डर आहे उघड्या ठेवायची. तुमचं तुम्ही बघा."

तुमचं तुम्ही बघा. झालं, बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. उघडेवाले आणि बंदवाले. "ओ काका, काच उघडा, हवा पाहिजे." "ही हवा? ही पाहिजे तुम्हाला?" "वासानं कुणी मरत नाही." "तुमच्या घरी बारकं पोर असतं तर कळलं असतं." "माझ्या घरी ऐंशीची आई आहे, तुम्हाला कळतंय का?" कोण चूक होतं? कुणीच नाही. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी होतं आणि प्रत्येकजण त्याच्या वतीनं भांडत होता. सरकारी सूचनांचे कागद बसमध्ये जागोजागी चिकटवलेले होते, हात धुवा, अंतर राखा. पण बाहेरची हवा विषारी आणि आतली हवा रोगी असेल तर काय करावं, हे एकाही कागदावर नव्हतं. असणार कसं? हे फक्त आमचंच त्रांगडं होतं.

आणि माझ्या शेजारी सुलभा. तिचा हात माझ्यापुढून काचेवर गेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "डॉक्टर काय बोलले तुमचे?"

"उघडी ठेवायला सांगितलीय."

"मंग राहू दे उगरी." तिनं हात खाली घेतला, रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला, मास्कवर दाबून धरला आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, "अगं पण तुझं काय?"

"मना कई नाय होत, ताय. तुमच्या घरान पेशंट हाय."

मी काच उघडी ठेवली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. पूल यायचा, ती रुमाल दाबायची, आणि पुढे घणसोली येईपर्यंत तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत राहायची. मी बाहेर बघायचे. रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे. मनात एकच हिशेब घोळायचा, की तिचा दमा आहे, त्याला पंप आहे. ह्यांना झालं तर कुठला पंप आणू? हे खोटं नव्हतं. पण दररोज सकाळी स्वतःला हे सांगावं लागतंय म्हटल्यावर त्यात काहीतरी खुपत होतंच.

एकदा मी जागा बदलायचीही शक्कल काढली. म्हटलं, मी पुढच्या दाराशी उभी राहते, तू तुझी काच लाव. सुलभा हसली. म्हणाली, "एक काच लावून काय व्हनार? मागच्याची उगरी, पुरच्याची उगरी. वास काय सीट बघून येतो?" बरोबरच होतं. बसमध्ये आपली अशी हवा नसतेच. जागा आपली असते, तिकीट आपलं असतं, स्टॉप आपला असतो, पण हवा सगळ्यांची मिळून एकच असते. इतकी वर्षं प्रवास केला आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मार्गशीर्षातले गुरुवार आले. आमच्या बसमध्ये शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू व्हायचं. पुढच्या सीटवरच्या बँकेतल्या बाई करंडा घेऊन यायच्या, चालत्या गाडीत एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं प्रत्येकीच्या कपाळाला लावत मागेपर्यंत जायच्या. ब्रेक लागला की कुंकू नाकावर. त्या वर्षी त्यांनी कागदाच्या पुड्या बांधून आणल्या होत्या. जिनं तिनं आपलं आपण लावून घ्यायचं. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार? सगळ्या बायकांनी पुड्या सोडल्या आणि स्वतःच्या कपाळाला स्वतःच बोट लावलं. एरवी आम्ही एकमेकींना लावायचो. सुलभानं बोट माझ्याकडे आणलं आणि मधेच मागे घेतलं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्याच आठवड्यातली ती सकाळ. धुकं होतं, म्हणजे आम्ही त्याला धुकं म्हणतो. पुलाच्या तोंडाशी एक ट्रेलर बंद पडला होता आणि आमची गाडी बरोबर नाल्यावर अडकली. काचा उघड्या. वास असा की लोक शिव्या द्यायला लागले. सुलभाला खोकला आला. आधी तिनं दाबला. मग दाबेना. आणि त्या दिवसांत बसमध्ये खोकला म्हणजे काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. आमच्या पुढची सीट रिकामी झाली. मागची झाली. उभे होते ते दाराकडे सरकले. इतक्या गर्दीत एवढी जागा कुठून झाली कोण जाणे. कुणीतरी म्हणालं, "शिंदे, उतरवा त्यांना." दुसरा म्हणाला, "असं अंगावर काढून फिरतात आणि सगळ्यांना वाटतात." सुलभानं पंप बाहेर काढला. पंप मारायचा तर मास्क खाली घ्यायला हवा. तिनं मास्कला हात लावला मात्र, चार-पाच जण ओरडले, "मास्क वर! मास्क वर!"

मी उभी राहिले आणि म्हटलं, "दमा आहे तिला. रोग नाही, दमा. मी ओळखते तिला." माझ्याकडेही त्यांनी तसंच बघितलं. शेजारी बसते म्हणजे हीदेखील त्यातलीच. सुलभानं पंप तसाच मुठीत मिटला, मास्क न काढता उठली, आणि खोकत खोकत दारापर्यंत गेली. पंप मारण्यासाठी ती त्या नाल्यावर, त्या वासात उतरली, कारण बसमध्ये तोंड उघडायची सोय नव्हती. मीही तिच्यामागे उतरले. बस थोड्या वेळानं सुटली. शिंदेंनी आमच्याकडे बघून मान खाली घातली. त्यांना तरी काय बोलायचं? उरलेले सगळेही प्रवासीच होते.

आम्ही पुलापलीकडे एका बंद टपरीच्या फळीवर बसलो. तिचे ओठ निळसर पडले होते. श्वास ताळ्यावर यायला वेळ गेला. मी पाठीवर हात फिरवायला गेले तर तिनं हातानंच मला थांबवलं, म्हणाली, "लांब बसा, ताय." मग बऱ्याच वेळानं, "आज तुमाला पन बोलले ना माज्यामुलं." मी म्हटलं, "मरू दे त्यांना. उद्यापासून काच लावायची. बास." मी म्हटलं खरं, पण आवाजात जोर नव्हता, आणि तो नाही हे तिला ऐकू गेलं असणार. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर माणसाला आवाज कळतोच.

चार दिवसांनी तिनं सांगितलं की ती सेकंड शिफ्ट मागून घेतेय. दुपारी जायचं, उशिरा यायचं. "पोरीची शाला फोनवर. फोन एकच हाय. मी सकालची फोन घेऊन आली तर तिचा क्लास बुरतो. दुपारची गेली म्हनजे पोरीला सकालचा फोन भेटंल." कारण अगदी बिनतोड होतं. तेव्हा घरोघरी हेच चाललेलं. मला पटलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची सीट रिकामी होती, काच सताड उघडी होती, आणि नाल्यावर मी मोकळ्या मनानं तो घाण वास छातीभर घेतला. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की त्या वासाचा मला आधार वाटेल. घरी आले. दाराआडून हे म्हणाले, आज मीठ बरोबर आहे.

सेकंड शिफ्टची परतीची गाडी कशी होती हे मला नंतर कळलं. गाड्या कमी, माणसं तेवढीच. दारात लोंबकळणारी, एकमेकांच्या खांद्यावर झोपणारी, आणि गार वारा लागतो म्हणून सगळ्या काचा बंद. थंडी संपता संपता सुलभाला झालं. सिडकोच्या मोकळ्या मैदानात उभारलेल्या सेंटरमध्ये ती बरेच दिवस होती, ऑक्सिजनवर. वाचली. पण दम्याच्या फुप्फुसांवर हे आलं म्हणजे काय राहणार? कंपनी सोडावी लागली. तिच्या सासरी सगळे म्हणत, "बसमधून आनला." तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द असायचा, कुठून आणलं, कोणी आणलं. बाजारातून भाजी आणावी तसं. गावात तेव्हा एका लग्नाची हळदही झाली होती, पाचशे माणसांची. पॅकिंगमध्ये दोघं-तिघं आजारी होते. कुठून आणलं हे कुणालाच कळणार नाही. मलाही नाही.

ह्यांना काही झालं नाही. लस आली, दुसरी आली, आतल्या खोलीचं दार उघडलं. किडनी अजून चांगली आहे. सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतात, मिठावरून कुरकुर करतात. आमच्याकडे या सगळ्यावर आता कुणी बोलत नाही. लिफ्टमध्ये गर्दी करून शिरतात, माझ्याही अंगावर खोकतात, सॉरीसुद्धा म्हणत नाहीत. बरंच आहे म्हणा. किती दिवस माणसानं माणसाला घाबरून राहायचं? पण वास आला की मला झोप लागत नाही.

म्हणून परवा, ती खोकणारी मुलगी आणि ती बंद काच झाल्यावर, रविवारी मी सुलभाकडे गेले. जाते मी अधूनमधून. ओटीवर खुर्ची टाकून बसली होती. समोर वाल सोलायला घेतलेले. चार शेंगा सोलायच्या, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चार. तिची मुलगी आता कॉलेजला आहे, नर्सिंग करते. चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या बोलत राहिली. बोलता बोलता शाळेवर आलं. म्हणाली, "काकी, माझं नववीचं वर्ष पूर्ण वायाच गेलं बघा. क्लास असायचे दुपारी, आणि आई दुपारची फोन घेऊन कामावर जायची. सकाळी फोन घरी, तर सकाळी काहीच नसायचं. मी किती रडायचे."

मी कप खाली ठेवला. सुलभा म्हणाली, "जा, बिस्किटं आन आतून."

पोरगी आत गेली. मी म्हटलं, "सुलभा, क्लास दुपारचे होते?"

ती शेंगा सोलत राहिली.

"मला म्हणालीस सकाळचे म्हणून."

"बोलली असंन."

"माझ्यासाठी घेतलीस ती शिफ्ट? काच उघडी राहावी म्हणून?"

तिनं श्वास घेतला. वेळ लागला त्याला. मग म्हणाली, "तुमी लावली असती काच. मी बसली असती ना, तर तुमी येक दिस लावलीच असती. मंग मना झोप आली असती का?" थोडं थांबून तिनं विचारलं, "भावजी बरे हायत ना?"

"बरे आहेत."

"मंग झाला."

थँक्यू म्हणायचं? कशाबद्दल? तिच्या फुप्फुसांबद्दल, की त्या पोरीच्या वर्षाबद्दल? आणि न बोलता तरी कसं उठायचं? मी तिच्या पुढ्यातलं सूप माझ्याकडे ओढलं आणि सगळ्या शेंगा सोलून दिल्या. ती नको म्हणाली नाही.

घरी पोचले तेव्हा हे फेऱ्या मारून नुकतेच आले होते, घाम पुसत उभे होते. म्हणाले, "काय म्हणते सुलभा?"

मी म्हटलं, "तुमची चौकशी करत होती."